रान कुठवर चढलं

गेल्या महिन्यात कर्जतच्या वाचनालयात माझं व्याख्यान झालं. विषय त्यांनीच दिला होता, 'आपल्या डोंगरावरची झाडी'. मी निवृत्त माणूस, बोलावलं की जातो. डोंगराच्या माथ्याजवळ झाडं का थांबतात, घळीत ती वर का चढतात आणि सोंडेवर खाली का राहतात, वारा काय करतो, वणवा काय करतो, सगळं घडाघडा सांगितलं. टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, "रावसाहेबांचा व्यासंग दांडगा!" नारळ घेऊन घरी आलो, ताटावर बसलो, तर घास उतरेना. बायकोनं विचारलं, बरं नाही का? म्हटलं, पित्त झालंय. पित्त कसलं डोंबलाचं! तासभर मी जे बोललो त्यातलं एक वाक्यसुद्धा माझं नव्हतं. सगळं गोमाचं होतं, आणि गोमाचं नाव मी एकदाही घेतलं नाही.

ते आता घेतो. फार उशीर झालाय, पण घेतो.

गोमा ठाकर. कशेळ्याच्या वर, डोंगराच्या निम्म्यावर पंधरा-वीस झोपड्यांची एक ठाकरवाडी होती, तिचा हा म्हातारा. मी तेव्हा सरकारी मोजणीदार होतो. माथ्याकडची झाडी वर्षानुवर्षं खाली सरकत चालली आहे, वरचा डोंगर उघडा पडतोय, अशी कुणाची तरी तक्रार कचेरीत आली होती. झाडी कुठवर होती, आता कुठवर आहे आणि मागे का हटली, हे मोजून लिहून आणायचं, असा हुकूम माझ्या हातात पडला. वाडीची दळी ह्या कागदावर अवलंबून होती. दळी म्हणजे उतारावर पालापाचोळा जाळून त्या राखेत केलेली नाचणी-वरीची शेती. ती चालू ठेवायची की बंद करायची, हे माझा अहवाल वाचून ठरणार होतं. दळी बंद म्हणजे वाडी उठलीच, कारण दुसरं पोट त्या लोकांना नव्हतं. हे मला ठाऊक होतं आणि गोमालाही ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा मला रागच आला. कमरेला लंगोटी, पाठीशी लाकडी आकडीत अडकवलेला कोयता, डोक्याला मळकं फडकं, आणि मला म्हणतो, "तू मोजनार काय रं, दादा? चल मग, ऊन चढंल." तू! मी बूट घातलेला, टोपी घातलेला माणूस! मागाहून कळलं की त्यांच्या बोलीत अहो-जाहो नाहीच. कलेक्टर आला तरी 'तू', देव आला तरी 'तू', आणि बकरीलाही 'तू'. चार दिवसांनी मला ते कानाला बरं वाटायला लागलं. अजूनही कुणी 'रावसाहेब' म्हटलं की मला तो 'तू' आठवतो.

त्याच्या खोडी सांगाव्यात तेवढ्या थोड्या. रोपट्याच्या सावलीत तो कधी बसायचा नाही. "त्येलाच पुरंना, त्यात आपन कुठं," म्हणायचा आणि उन्हात बसायचा. चहा दिला तर तोंड वाकडं करून प्यायचा आणि दुसरा कप मागायचा. माझ्या होकायंत्राकडे बघून खो खो हसायचा. ती सुई सारखी एकीकडेच बघते, तिला दुसरं काही बघावंसं वाटत नाही का, हा त्याचा प्रश्न. मोजणीची साखळी मात्र त्याला फार आवडली. संध्याकाळी ती पाण्यानं धुऊन, पुसून, टोपलीत गुंडाळून ठेवायचा.

आणि एक मोठी खोड. काही बिघडलं, फुटलं, हरवलं, की कुणी विचारण्याआधीच हा येऊन सांगायचा. माझी पाण्याची सुरई होती, कर्जतहून नेलेली. एके दिवशी दुपारी मी परत आलो तर दोन तुकडे. जवळ कुणी नव्हतं. मी मनाशी म्हटलं, माकडांनी पाडली असेल. तर गोमा खालच्या बांधावरून धापा टाकत वर आला आणि म्हणाला, "दादा, तुझी सुरई म्या फोडली. पानी प्यालो, ठेवताना धोंड्यावर बसली." मी म्हटलं, अरे, गप्प बसला असतास तर माकडांनीच पाडली असं मी धरलं असतं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाला, "मंग तू माकडावर रागावला असतास की रं!" दुसऱ्या दिवशी वाडीतला एक मातीचा डेरा माझ्या तंबूपाशी आणून ठेवला.

तेव्हा मला हे भाबडेपण वाटलं. भाबडेपण नव्हतं ते. वाडीची रीतच होती तशी, आणि ती मला पुढे माथ्याखाली गेल्यावर कळली.

माथ्याखाली झाडी संपते आणि गवत सुरू होतं. तिथे मला धोंडे दिसले. उतारावर वर-खाली मांडलेले, प्रत्येक एका माणसानं उचलावा एवढा, काहींवर शेवाळ, काही ताजे. मला वाटलं हद्दीचे दगड. गोमा म्हणाला, "हद्द रानाची हाय." दिवाळीच्या सुमारास, गवत पिवळं पडायला लागलं की सगळी वाडी वर चढायची. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे काढून जगलेलं सगळ्यात वरचं रोपटं शोधायचं आणि त्याच्या बुंध्याशी एक धोंडा ठेवायचा. रान वर चढलं की नवा धोंडा वर, उतरलं की नवा धोंडा खाली. जुना धोंडा हलवायचा नाही. गोमाच्या आज्यापासूनचे धोंडे तिथे होते. म्हणजे मी जे मोजायला साखळी घेऊन आलो होतो ते ह्यांनी कागदाशिवाय तीन पिढ्या मोजून ठेवलं होतं. मी आ वासून बघत राहिलो.

धोंडा ठेवला की मग घरटी एकेकानं पुढं व्हायचं आणि हिरव्या देवाला, म्हणजे त्यांच्या रानाच्या देवाला, ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगायचं, वर्षभरात न तोडायचं असं काय तोडलं, कुठं जाळलं, कुणाची गुरं वरच्या पट्ट्यात शिरली. ज्यानं चूक केली त्यानं पुढच्या उन्हाळ्यात वरच्या रोपांभोवतीचं गवत कापून वणवा अडवायला मोकळा पट्टा राखायचा. बस्स, एवढंच. शिव्या नाहीत, मार नाही. मी विचारलं, एखाद्यानं लपवलं तर? गोमाला प्रश्न कळेचना. "लपवून काय करंल? गवत कापाया मानूस तर पायजेल ना," म्हणाला. मी हे माझ्या वहीत लिहून घेतलं. फार कौतुकानं लिहून घेतलं, हे मुद्दाम सांगतो.

वाऱ्याचा धडाही त्यानंच दिला. सोंडेच्या टोकाशी, जिथून पश्चिमेचं सगळं कोकण दिसतं, तिथे एक जांभळाचं झुडूप होतं. माझ्या गुडघ्याएवढं. मी वहीत लिहिलं, 'नवीन रोप.' गोमानं विचारलं, काय लिवलंस? सांगितलं. तो पोट धरून हसला. "आरं, तुझ्या बापापरीस म्हातारं हाय त्ये!" आणि मला खाली वाकवून त्याचा बुंधा दाखवला. मनगटाएवढा जाड, पिळवटलेला, जमिनीशी लोळलेला. "हितं वारा बसू देतो, उबं राहू देत नाय," तो म्हणाला. मग मला शंभर पावलांवरच्या घळीत नेलं. तिथे तेच जांभूळ, वारा लागत नाही, माती वाहून जात नाही, तर दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी शेंडा हाती लागणार नाही एवढं. मी पुस्तकातलं वाचलेलं सांगायला लागलो की झाडं उंचीमुळे थांबतात, थंडीमुळे थांबतात. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "थंडी पुस्तकातल्या डोंगरावर आसंल. हितं वारा हाय."

पावसाचंही तसंच. त्याच्या तरुणपणी दोन वर्षं लागोपाठ पाऊस लवकर सरला तेव्हा वरची रोपं उन्हाळ्यात होरपळली आणि धोंडा खाली आला. पुढं पाऊस बरा झाला, रान पुन्हा पाचपन्नास पावलं चढलं. "चढतंय, उतरतंय," गोमा म्हणायचा, "त्येचं त्येला करू द्यायचं. वाऱ्याला आन् पावसाला काय बोलनार? कोयत्याला बोलता येतं, इस्तवाला बोलता येतं, गुरांना बोलता येतं. तेवढं बोलावं."

आता मुद्द्यावर येतो. टाळत होतो, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात आलंच असेल.

मधल्या काही वर्षांत रान एकदम खूप खाली आलं होतं. वरचे सहा-सात धोंडे गवतात उघडे पडले होते, जवळ झाड नाही, रोप नाही. मी गोमाला त्या धोंड्यांपाशी बसवलं, वही उघडली आणि विचारलं, हे कशानं झालं? त्यानं वहीकडे पाहिलं. मग उठून उभा राहिला, फडकं डोक्यावरून काढलं आणि मोठ्यानं बोलायला लागला. मला वाटलं माझ्याशी बोलतोय. तो हिरव्या देवाशी बोलावं तसा माझ्या वहीशी बोलत होता.

त्यानं सगळं सांगितलं. पहिल्यांदा पुन्हा लागोपाठ आलेले दोन कोरडे पावसाळे. मग कोळशाचा ठेकेदार आला, सरकारी परवाना घेऊन. वरची ऐनाची, हिरड्याची झाडं दोन हंगाम तोडली आणि तिथंच भट्ट्या लावल्या. मग तापाची साथ आली, वाडीतली निम्मी माणसं गेली, गवत कापायला हातच उरले नाहीत. आणि मग तो थांबला. म्हणाला, "आन् इस्तू म्या लावला." बायको आणि थोरला लेक तापात गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात ह्यानं एकट्यानं आपली दळी जाळायला घेतली होती. एरवी चौघं कोपऱ्यांवर उभे राहतात. दुपारी वारा फिरला, आग वर गेली आणि राहिलेली रोपं खाऊन गेली. "माजी चूक हाय. लिव," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज नीट होता. "समदं लिव, दादा. ठेकेदाराचं बी, पावसाचं बी, माजं बी. खरं कळलं की सरकार आमालाच म्हनंल, वरलं रान तुमी राखा. गवत आमी कापू. माज्या वाटनीचं तर म्या जलमभर कापंन."

मी लिहिलं. सगळं लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे आणि तिच्यात एक शब्द खोटा नाही. पण वही कचेरीत जात नसते. कचेरीत अहवाल जातो.

कर्जतला आलो आणि बारा पानांचा अहवाल साहेबांपुढे ठेवला. साहेब आपलेच, पुण्याकडचे, माणूस वाईट नव्हता. त्यांनी तो उलटापालटा केला आणि म्हणाले, "अहो, ही कीर्तनं कोण वाचणार? एक पान द्या. आणि कारण एक द्या. चार कारणं दिली की हुकूम काढता येत नाही." मी म्हटलं, ठेकेदाराच्या तोडीचं तरी... साहेबांनी वर पाहिलं. "त्या परवान्याचा कागद कुणाच्या टेबलावरून गेला होता?" माझ्याच. 'जागा पाहिली, हरकत नाही' असा शेरा मी मारला होता, जागा न पाहता. साहेबांनी बारा पानं माझ्याकडे परत सरकवली. बोलायची गरजच नव्हती.

एक पान करायला मला अर्धा तासही लागला नाही. पावसाबद्दल लिहिलं तर 'मग इलाज काय' असं विचारतील, म्हणून पाऊस गेला. वारा गेला. साथ गेली. ठेकेदार तर आधीच गेला होता. उरला वणवा. त्याला माझ्याजवळ पुरावाही होता, असला पुरावा कुठल्या मोजणीदाराला मिळत नाही. मी लिहिलं, 'वरील झाडी वाडीतील लोकांनी दळीसाठी लावलेल्या आगीमुळे नष्ट झाली असून, वाडीचा म्होरक्या गोमा ठाकर याने हे स्वतः कबूल केले आहे.' धोंड्यांची मापंही खाली जोडली. मापं अचूक होती. बापा-आज्यांनी मांडलेले धोंडे मी त्यांच्याच नातवंडांविरुद्ध साक्षीला उभे केले. माझं अक्षर चांगलं होतं, ते त्या दिवशी जास्तच चांगलं आलं.

कुणी माझा हात धरून लिहायला लावलं नव्हतं. नोकरी जाणार नव्हती. फार तर शेरा बसला असता, बढती लांबली असती. तेवढ्यासाठी केलं मी हे. लाज वाटते, हे म्हणायलाही लाज वाटते.

दळी बंद झाली. हुकूम बजावायला दुसरा माणूस गेला, मी त्या आठवड्यात रजा काढली. आजारपणाचं कारण लिहिलं, म्हणजे तेही खोटंच. पुढं दोन-अडीच वर्षांनी कामानिमित्त तिकडे जावं लागलं तेव्हा वाडीच्या जागी चुलींचे तीन-तीन दगड तेवढे होते. बरं, निदान रान तरी वर चढलं असेल म्हणून बघायला गेलो. हो, बघायला गेलो मी, निर्लज्जासारखा! रान आणखी खाली आलं होतं. गवत कापायला कुणी नाही, त्यामुळे दर उन्हाळ्यात खालून वणवा यायचा आणि थेट कड्यापर्यंत जायचा. माझ्या अहवालातली मापं आता चुकीची ठरली होती. झाडीची वरची कड त्यांच्याही खाली गेली होती आणि तिथे धोंडा ठेवायला कुणी नव्हतं.

गोमाला मी शेवटचं पाहिलं ते खोपोलीला. बोरघाटाच्या पायथ्याशी रस्त्याचं काम चाललं होतं, माणसं पाटीनं खडी वाहत होती. मी टांग्यातून उतरलो, वीजघराकडे कुणाला तरी भेटायला निघालो होतो. मागून हाक आली, "दादा! ए लिवनाऱ्या दादा!"

पळून जावं असं वाटलं. तो पाटी टाकून धावतच आला. पार वाळला होता, डोक्यावर फडक्याची चुंबळ, पापण्यांवर खडीची पांढरी धूळ. येऊन त्यानं माझे दोन्ही दंड धरले. मी वाट बघत होतो, आता काय बोलेल म्हणून. शिवी दिली असती तर, देवाशपथ सांगतो, बरं वाटलं असतं.

तो मुकादमाकडे वळून म्हणाला, "ह्यो बघ, ह्यो आमचा दादा. म्या तुला सांगत व्हतो ना? पंधरा दीस आमच्यासंगं रानात फिरला. आमचं समदं खरं हुतं तसं लिवलं यानं. माज्याम्होरं लिवलं." मुकादमानं मला नमस्कार केला. मीही केला.

मग गोमा माझ्या जवळ सरकला आणि हळू आवाजात विचारलं. इतकी वर्षं मनात ठेवलेलं असणार. "दादा, तू येवढं लिवलंस, मंग आसं कसं झालं रं? वरल्या सायबानं वाचलंच नाय काय?"

सांगता आलं असतं. तिथंच, त्या रस्त्यावर, मुकादमासमोर सांगता आलं असतं. हा माणूस एक सुरई फोडली तर डोंगर चढून सांगायला आला होता. तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "नसेल वाचलं."

"तेच म्या आमच्या मानसांस्नी सांगतो," गोमा म्हणाला. त्याला मोकळं वाटलेलं दिसलं. "तवा आमची पोरं म्हनत व्हती, त्या दादानंच काय तरी उलटं लिवलं. म्या त्येंच्यावर लय वरडलो. म्हनलं, तो तसा नाय."

माझा चेहरा कसा झाला कोण जाणे. त्यानं पाहिला आणि त्याला वाटलं मला वाडीचं दुःख झालं. त्यानं आपला धुळीचा हात माझ्या कोटाच्या पाठीवरून फिरवला, रडक्या माणसाची समजूत घालावी तसा. "जाऊ दे रं," म्हणाला, "तू नको वाईट वाटून घेऊ. तुजं काम तू केलंस."

मुकादमानं हाक मारली. त्यानं चुंबळ सारखी केली, पाटी डोक्यावर घेतली आणि रांगेत जाऊन उभा राहिला. तिथून पुन्हा एकदा वळून माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो.